दावा फेटाळला, मुदत सुरू झाली

अमेरिकेत पोलीस, तुरुंग किंवा सरकारी शाळेने घटनेतले हक्क तुडवले, तर फेडरल कोर्टात दावा लावता येतो. त्यासाठीचा मुख्य कायदा १८७१ सालचा, ‘कलम १९८३’ म्हणून ओळखला जाणारा. तो फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे, असं आपल्याकडून तिकडे गेलेल्यांनाही वाटतं. कायद्याचे शब्द मात्र ‘नागरिक किंवा अन्य व्यक्ती’ असे आहेत. व्हिसावर राहणारा मराठी इंजिनिअरही त्यात आला.

दावा फेटाळला गेला की वकिलाशिवाय अपील होत नाही, असं कुणीतरी सांगतं. होतं. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याची मुभा तिथे १७८९ पासून कायद्यातच आहे. उलट, पैसे नसतील तर सरकार वकील देईल ही आशा फोल. १९६३ च्या गिडियन निकालाने तसा वकील मिळाला तो फौजदारी आरोपींना. अशा दाव्यात फार तर फीमाफीचा अर्ज करायचा. कैद्यांना तर फीही हप्त्याहप्त्याने भरावीच लागते.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘मी वकील नाही, कोर्ट सांभाळून घेईल’. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेन्स खटल्यात म्हटलं खरं, की सामान्य माणसाच्या मसुद्याला वकिलाचे निकष लावू नयेत. पण ती सवलत मजकुराला आहे, मुदतीला नाही. निकालाची नोंद झाल्यापासून ३० दिवसांत अपिलाची नोटीस द्यायची; फेडरल सरकार पक्षकार असेल तर ६० दिवसांत. तीही वरच्या नव्हे, दावा फेटाळणाऱ्या कोर्टातच. मुदतवाढ मिळते, पण तिच्या अर्जालाही मुदत आहेच. बाउल्स प्रकरणात वाढीव मुदत म्हणून कायद्याने १४ दिवस मिळायचे होते, न्यायाधीशाने चुकून आदेशात १७ लिहिले. त्यावर विसंबून सोळाव्या दिवशी दिलेली नोटीस २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी बाद ठरवली. चूक न्यायाधीशाची, शिक्षा पक्षकाराला! हा निकाल मला आजही निष्ठुर वाटतो, पण कायदा तोच आहे.

अपील म्हणजे फेरसुनावणीही नव्हे. नवे साक्षीदार, नवी कागदपत्रं सहसा चालत नाहीत. दाव्याला कायदेशीर आधारच नाही म्हणून तो फेटाळला असेल, तर वरचं कोर्ट त्यातली विधानं खरी धरून मुद्दा नव्याने तपासतं. तेव्हा अन्यायाची कहाणी पुन्हा सांगण्यापेक्षा खालच्या न्यायाधीशाचं नेमकं काय चुकलं, ते लिहावं. आणि निकालात दावा पुन्हा लावायची मोकळीक ठेवली असेल, तर अपिलाआधी तेही तपासावं. कधीकधी सुधारलेला दावाच लवकर मार्गी लागतो.