काळ्या मातीतले मैदान

वाशीम - जिल्ह्यातील लहान महाविद्यालयांच्या क्रीडासुविधांचा विषय निघाला, की जागेच्या टंचाईकडे बोट दाखवले जाते. वास्तविक पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १० मीटर, तर व्हॉलिबॉलला १८ बाय ९ मीटर जागा पुरते. भोवतीची मोकळी जागा धरूनही ही मैदाने, खो-खोसह, एका एकरात बसतात. चारशे मीटरच्या धावपट्टीला मात्र सुमारे चार एकर हवेत.

खरी अडचण मातीची आहे. सोयाबीन-तुरीला मानवणारी काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. महाविद्यालये उघडतात तीही नेमकी पावसाळ्यात. सरावाचे पहिले महिने चिखलात जातात. पुढे भेगांत पाय मुरगळतात ते वेगळेच. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत या खेळाडूंची गाठ पडते ती अमरावतीकरांशी, जेथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा १९१४ पासूनची आहे.

उपाय जुनाच आहे. वरचा थर काढून मुरूम अंथरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, मध्यभागी किंचित उंचवटा ठेवून कडेने चर खणायचे. कबड्डीला निव्वळ मुरूम चालत नाही, अंग सोलून निघते. त्यावर चाळलेली मऊ माती लागते. मोठ्या स्पर्धा तर आता मॅटवर होतात. मॅटला छप्पर हवे, आणि मातीत अनवाणी खेळलेल्याला तेथे बूट घालून पायांची पकड नव्याने शिकावी लागते.