मन आजारी पडतं तेव्हा : मानसिक रुग्णाच्या शुश्रूषेच्या मूलभूत गोष्टी



टायफॉइड झालेल्या माणसाला घरी कसं सांभाळायचं हे आपल्याला माहीत असतं. उकळलेलं पाणी, मऊ भात, वेळेवर गोळ्या. पण मन आजारी पडलेल्या माणसाला कसं सांभाळायचं? आमच्या डी.एड.ला बालमानसशास्त्र होतं, हे नव्हतं. मला ते शिकवलं एका सिस्टरने.

चौथीतली माझी एक मुलगी गृहपाठ करेना, वर्गात पेंगायची. मी दोनदा रागावले. मग ती शाळेतच येईना, म्हणून घरी गेले. तिची आई कोपऱ्यात बसून स्वतःशीच बोलत होती आणि मुलगी तिचा हात घट्ट धरून बसली होती. रात्री आई उठून बाहेर जाते, म्हणून ही पोर जागत होती. आजी म्हणाली, "बाई, तिला बाहेरचं झालंय. अमावास्येला देवाला न्यायची हाय." मी रागावले होते त्याची मला फार लाज वाटली. तीन फेऱ्या मारल्यावर घरचे दवाखान्यात यायला तयार झाले. मीही सोबत गेले.

सिस्टरने काय केलं?

ती त्या बाईच्या अगदी जवळ गेली नाही. थोड्या अंतरावर स्टुलावर बसली, स्वतःचं नाव सांगितलं आणि विचारलं, "जेवलात का? झोप लागते का?" "असं का करता?" हा प्रश्न तिने एकदाही विचारला नाही. अर्ध्या तासाने ती बाई तिच्याशी बोलायला लागली.

मला ते साधं बोलणं वाटलं होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हाच या शास्त्राचा पाया आहे. हिल्डगार्ड पेप्लाउ या अमेरिकन परिचारिकेने 1952 साली पुस्तक लिहून मांडलं, की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे. विश्वास बसला तर रुग्ण बोलतो, गोळी घेतो, पुन्हा तपासणीला येतो.

शुश्रूषेची पाच सूत्रे

1. निरीक्षण. झोप, भूक, अंघोळ, बोलणं, कामातला रस यांत काय बदललं आणि कधीपासून, हे लिहून ठेवायचं. "वेड्यासारखं करते" यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. "तीन आठवडे रात्री दोन तासच झोपते" यातून पुष्कळ कळतं.

2. ऐकणं. रुग्णाला आवाज ऐकू येत असतील तर "खोटं आहे" म्हणून वाद घालू नये आणि "हो, मलाही येतोय" असंही म्हणू नये. सिस्टरचं वाक्य मी पाठ केलंय : "मला आवाज येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि त्याची भीती वाटतेय, हे मला कळतंय."

3. सुरक्षितता. जगण्याचा कंटाळा आल्याचं कुणी बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असं शांतपणे, सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मन मोकळं होतं. अशा माणसाला एकटं सोडू नये. आपल्याकडे बागेत आणि उसाला मारायची औषधं घरातच असतात. ती कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. एवढ्याने जीव वाचू शकतो.

4. औषधात सातत्य. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. तोंड कोरडं पडणं, सुस्ती असे त्रास मात्र आधी जाणवू शकतात. म्हणून लोक आठवड्यात गोळी सोडतात. बरं वाटलं म्हणूनही सोडतात. दोन्ही वेळा आधी डॉक्टरांना विचारायचं.

5. दिनक्रम आणि मान. ठरलेल्या वेळी उठणं, जेवण, झेपेल तेवढं काम. भाजी निवडायला देणं हीसुद्धा शुश्रूषाच. आणि रुग्णासमोर त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखं बोलायचं नाही.

देवाला न्यायचं की दवाखान्यात?

श्रद्धा ज्याची त्याची. पण उपचार थांबता कामा नयेत आणि मारहाण तर नाहीच नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढे ज्या कायद्यासाठी अनेक वर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि दंड.

2018 पासून लागू असलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हेच सांगतो. मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधायला त्यात मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं हा कायदा धरून चालतो, म्हणजे त्याला शिक्षा नको, मदत हवी. पालकांसाठी महत्त्वाचं म्हणजे, लहान मुलाला दाखल करावं लागलं तर त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि घरचं किंवा नेमलेलं माणूस पूर्ण वेळ त्याच्यासोबत राहायचं, असं कायद्यातच आहे.

आपण काय करायचं?

आपण शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. निदान करू नये, मुलावर शिक्का मारू नये. पेंगणारं, गप्प झालेलं, चिडचिडं झालेलं मूल दिसलं तर आधी एकांतात विचारावं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मग पालकांशी बोलावं आणि सिव्हिलच्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय. तिथवर जाणं लगेच जमत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे. 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं. हा नंबर मी वर्गाच्या दाराशेजारी लिहून ठेवलाय.

ती मुलगी आता पाचवीत आहे. आईच्या गोळ्या सुरू आहेत. अधूनमधून त्रास होतो, पण घरच्यांना काय करायचं ते माहीत आहे. आजी अजूनही देवाला जाते, आणि येताना सुनेला गोळी घेतली का ते विचारते. पोर रात्री झोपते. गृहपाठ अजूनही कधी कधी राहतो. पण आता मी रागावण्याआधी विचारते.