टिटवी का ओरडते?

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असावं आणि मध्यरात्री छपरावरून टिटवी ओरडत जावी. उशाशी बसलेली माणसं एकदम गप्प होतात. घुबडाचा धाक त्याहून मोठा. त्याला दगड मारू नये म्हणतात. ते तो झेलून पाण्यात टाकतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. रात्री कुणाला नावाने हाक मारू नये, घुबड ते नाव घोकत बसतं, हीही जुनी समजूत.

टिटवी उघड्या माळावर, खड्यांतच अंडी घालते, बहुधा चार. मातकट रंग, वर काळे डाग; पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कुत्रा, कोल्हा किंवा माणूस जवळ आला की ती जीव तोडून ओरडते, मग दिवस असो की रात्र. तो आकांत पिल्लांसाठी असतो. आणि आजाऱ्याच्या घरी रात्रभर दिवा जळतो, दिव्याभोवती किडे जमतात, किडे टिपायला पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, येतो. त्याच्या अपशकुनाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

गव्हाणी घुबड तर शेतातले उंदीर खाऊन जगतं. तरीही जादूटोण्यासाठी घुबडं मारली जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.