पहिला नंबर: टॉम बॉईडची सहा वर्षं

आज आपण एका खेळाडूच्या सुरुवातीच्या काळाबद्दल बोलणार आहोत. सुरुवातीच्याच, कारण त्यापुढे त्याची कारकीर्द नाहीच. तेविसाव्या वर्षी संपली.

खेळ आहे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिकडच्या लोकांच्या तोंडी नुसतं ‘फूटी’. मेलबर्नचं एमसीजी आपल्याला क्रिकेटमुळे माहीत. हिवाळ्यात ते मैदान या खेळाचं असतं. एका बाजूला अठरा जण, लंबगोल चेंडू, तो हातांनी झेलायचा आणि पायाने मारायचा.

आता ड्राफ्ट समजून घेऊ, सगळी गोम तिथेच आहे. आयपीएलचा लिलाव आपण पाहतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, रांग असते. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या क्लबला साधारणपणे पहिली निवड मिळते. मुलं बहुतेक अठरा वर्षांची, नुकती शाळा संपवलेली. क्लब मुलाला निवडतो, मुलगा क्लबला नाही. घर सोडून दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर जायचं. हेतू चांगलाच आहे, की बड्या क्लबांनी सगळे गुणी खेळाडू पळवू नयेत. पण मुलाच्या नावाला एक आकडा चिकटतो, तो काही सुटत नाही.

२०१३ साली ‘एक’ हा आकडा टॉम बॉईडला चिकटला. मेलबर्नचा मुलगा, उंची दोन मीटर. त्याला घेतलं सिडनीच्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबने, ज्याने त्या अख्ख्या मोसमात एकच सामना जिंकला होता.

उंच खेळाडूचं काम काय? गोलसमोरच्या धक्काबुक्कीत उडी मारून झेल घ्यायचा. समोरचा बचावपटू पंचवीस-अठ्ठावीसचा, कसलेला गडी. अठराव्या वर्षी उंची येते हो, पण अंग भरायला तीन-चार वर्षं लागतात. चपळ, बुटके मिडफिल्डर लवकर चमकतात, उंच मुलांना थांबावं लागतं. हे क्लबांनाही ठाऊक असतं आणि प्रेक्षकांनाही. थांबायला मात्र कुणी तयार नसतं.

पहिल्या मोसमात बॉईड नऊ सामने खेळला. लगेच अदलाबदल झाली: वेस्टर्न बुलडॉग्जने आपला कर्णधार रायन ग्रिफन आणि ड्राफ्टमधली सहावी निवड देऊन त्याला घेतलं. करार सात वर्षांचा, आणि वर्तमानपत्रांत आकडा आला सुमारे सत्तर लाख डॉलर. वय एकोणीस! शिवाय या लीगमध्ये क्लबच्या एकूण वेतनावर मर्यादा असते. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याच्या वाट्याचं कमी होतं. त्यामुळे चुकलेल्या प्रत्येक झेलाचा हिशेब डॉलरमध्ये होऊ लागला.

मग आलं २०१६. सातव्या स्थानावरून बाद फेरीत आलेले बुलडॉग्ज अंतिम सामन्यात पोचले. १९५४ नंतर त्यांनी विजेतेपद पाहिलं नव्हतं. बॉईडने तीन गोल केले. त्यातला शेवटच्या सत्रातला तर कितीतरी लांबून मारलेला, टप्पे घेत घेत रिकाम्या गोलमध्ये गेलेला. सिडनी स्वान्सवर ८९-६७ असा विजय! पैसे वसूल, असंच कुणीही म्हणेल.

पण २०१७च्या मध्यावर त्याने नैराश्यामुळे खेळातून रजा घेत असल्याचं जाहीर केलं. हे नीट लक्षात घ्या. तो काही तेव्हा अपयशी नव्हता, विजेता होता. मे २०१९मध्ये, कराराची दोन वर्षं बाकी असताना, त्याने निवृत्ती घेतली.

सगळा दोष ड्राफ्टवर टाकावा असं आम्हाला वाटत नाही, आजाराला एकच कारण नसतं. पण याच पद्धतीतून आलेला अ‍ॅडम गुड्स पाहा. १९९७चा ड्राफ्ट, निवड त्रेचाळीसावी. १९९८ हे पूर्ण वर्ष तो स्वान्सच्या दुय्यम संघातच होता. १९९९मध्ये मुख्य संघात आला आणि त्याच वर्षी उगवत्या खेळाडूचा पुरस्कार घेऊन गेला. पुढे लीगमधला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, ब्राउनलो पदक, दोनदा मिळालं: २००३ आणि २००६. त्रेचाळीसाव्या मुलाला एक वर्ष गुपचूप वाढायला मिळालं. बॉईडला तसं वर्ष कुणी दिलं नाही.

चला, आता प्रश्न घेऊया.