'गुगलनं लॉगिन करा' हे बटण सर्वेक्षणात टाकण्याआधी

"माहिती संकलनासाठी ऑनलाईन प्रश्नावली वापरली जाईल" हे वाक्य आता जवळपास प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये असतं. गुगल फॉर्म पुरेनासा झाला की कॉम्प्युटर सायन्सचा एखादा मित्र छोटंसं वेब अ‍ॅप्लिकेशन बनवून देतो आणि त्याच्या पहिल्याच पानावर 'गुगलनं लॉगिन करा' असं बटण असतं. पासवर्ड सांभाळायची कटकट नाही, एकाच माणसानं दोनदा फॉर्म भरायची भीती नाही, वर नाव आणि ईमेल आयतं मिळतं. मग नको कशाला म्हणायचं?

हे बटण आतून कसं चालतं ते सांगतोच. पण तुमच्या संशोधनात ते कुणासाठी ठेवायचं आणि कुणासाठी मुळीच ठेवायचं नाही, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो. तंत्र दोन दिवसांत शिकता येतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक विषय घेऊ: 'परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्यातील अल्पभूधारक शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा'. प्रश्नावलीत सोसायटीचं पीककर्ज आहे, बँकेचं कर्ज आहे, आणि खाली एक प्रश्न असा आहे की खासगी सावकाराकडून किती पैसे घेतले आणि कोणत्या व्याजानं. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या गावात या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर कुणी सहज देत नाही. सावकार बहुतेक वेळा त्याच गावातला किंवा शेजारच्या गावातला असतो आणि पुढच्या पेरणीला पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं. तरीही एखादा माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून खरं लिहितो. ते उत्तर त्याच्या नावासकट तुमच्या सर्व्हरवर पडलं, तर त्याची जबाबदारी कुणाची? तुमची. गाईडची नाही आणि अ‍ॅप बनवून देणाऱ्या मित्राचीही नाही.

आता बटणाकडे येऊ. कॉलेजात प्रवेश घेताना तुम्ही तहसीलमधून काढलेला रहिवासी दाखला देता. कॉलेजचा क्लार्क तुमच्या घरी येऊन बघत नाही. तो शिक्का बघतो, नाव बघतो, दाखल्याची मुदत बघतो. गुगलचं लॉगिन जवळपास असंच आहे. तुमचं अ‍ॅप वापरणाऱ्याला गुगलच्या पानावर पाठवतं. पासवर्ड तिथेच टाकला जातो, तुम्हाला तो कधीच दिसत नाही. गुगल त्याला एक अल्पायुषी कोड देऊन तुमच्या ठरलेल्या पत्त्यावर परत पाठवतं. मग तुमचा सर्व्हर तो कोड आणि स्वतःची गुप्त किल्ली गुगलला दाखवून बदल्यात टोकन घेतो. त्यातलं आयडी टोकन म्हणजे तो दाखला. तो कुणी दिला, कोणत्या अ‍ॅपसाठी दिला, कोणत्या खात्याबद्दल आहे आणि कधीपर्यंत चालेल हे त्यात लिहिलेलं असतं, आणि खाली गुगलची डिजिटल सही असते. सही तपासायची, दाखला आपल्याच अ‍ॅपसाठी आहे ना ते बघायचं, मुदत बघायची. यातलं एक जरी सोडलं, तर खोटा, मुदत संपलेला किंवा दुसऱ्या अ‍ॅपसाठी काढलेला दाखला तुमच्याकडे चालून जाईल.

इथे दोन नावांचा नेहमी गोंधळ होतो. ओऑथ 2.0 हे मानक ऑक्टोबर 2012 मध्ये आलं. ते परवानगीबद्दल आहे: या अ‍ॅपला माझ्या खात्यातलं अमुक वाचू द्या. माणूस कोण आहे, हे त्याचं कामच नाही. ते काम त्याच्यावर बांधलेल्या ओपनआयडी कनेक्टचं, आणि ते फेब्रुवारी 2014 चं. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर परवानगी आणि ओळख हा फरक सांगा. कोड वाटेत कुणी पळवू नये म्हणून 2015 मध्ये पीकेसीई नावाची जोड आली, ती आता सगळीकडेच वापरावी. हे सगळं हातानं लिहीत बसू नका. तयार, नावाजलेली लायब्ररी घ्या, आणि गुप्त किल्ली गिटहबवर चढवू नका.

अ‍ॅप परवानगी मागतं तेव्हा काय काय हवं त्याची यादी देतं, तिला स्कोप म्हणतात. बहुतेक नमुना कोडमध्ये 'ओपनआयडी', 'ईमेल', 'प्रोफाइल' असे तीन स्कोप ठोकून दिलेले असतात. त्यातून खात्याचा क्रमांक, ईमेल, नाव आणि फोटो येतो. कर्जबाजारीपणाच्या अभ्यासाला शेतकऱ्याचा फोटो कशाला लागतो? लागत नाही. पण नमुना कोड जसाच्या तसा चिकटवला की तो डेटाबेसमध्ये जाऊन बसतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त 'ओपनआयडी' मागितलं तरी 'हे तेच खाते आहे का' याचं उत्तर मिळतं. बहुतेक संशोधनाला तेवढंच पुरतं.

पण 'तेच खाते' म्हणजे 'तोच माणूस' का? माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. शहरात बसून अ‍ॅप लिहिणाऱ्याला एक खाते म्हणजे एक माणूस वाटतो. आमच्याकडच्या गावांत फोन घेतला त्या दिवशी दुकानदारानंच 'जीमेल काढून' दिलेला असतो. पासवर्ड दुकानदाराला माहीत, मालकाला नाही. फोन बिघडला की नवा जीमेल. घरात एकच चांगला फोन असेल तर त्यावर पोराचं खाते असतं, आणि त्याच फोनवरून बाप, आई, चुलता असे तिघे तुमचा फॉर्म भरू शकतात. मग तुमचं 'एका खात्याला एकच उत्तर' हे बंधन दोघांना बाहेर काढतं. बाहेर पडतात त्या बहुधा घरातल्या बाया आणि म्हातारी माणसं. म्हणजे दुबार नोंद टाळायला घातलेली अट तुमचा नमुनाच वाकडा करते. ही त्रुटी प्रबंधात 'अभ्यासाच्या मर्यादा' या मथळ्याखाली दोन ओळीत उरकण्यासारखी नाही, कारण निष्कर्ष त्याच्यावरच उभे असतात.

समजा तरीही लॉगिन ठेवायचं ठरलं. मग उत्तरं कोणत्या खुणेला बांधायची? ईमेलला बांधू नका. ईमेल बदलू शकतो, आणि तो म्हणजे जवळजवळ नावच. टोकनमध्ये 'सब' नावाचा खात्याचा कायमचा क्रमांक असतो, तो वापरा असं गुगलचंच म्हणणं आहे. मात्र एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. फेसबुक 2014 पासून प्रत्येक अ‍ॅपला त्याच माणसाचा वेगळा क्रमांक देतं. गुगलचा 'सब' मात्र सगळ्या अ‍ॅपना सारखाच मिळतो. म्हणजे तुमची कर्जाची फाइल आणि दुसऱ्या कुणाची आरोग्याची फाइल बाहेर पडली, तर दोन्ही या क्रमांकावरून जोडता येतात. म्हणून 'सब' जसाच्या तसा साठवू नका. एचमॅक पद्धतीनं, फक्त तुमच्याकडे असलेल्या किल्लीनं त्याचं सांकेतिक रूप करा, आणि ती किल्ली डेटापासून वेगळ्या ठिकाणी ठेवा.

नुसतं हॅश केलं तर चालेल ना, असं लगेच विचारलं जातं. मोबाईल नंबरचंच बघा. आपल्याकडचे नंबर दहा अंकी आणि 6 ते 9 ने सुरू होणारे, म्हणजे सगळे मिळून 400 कोटी शक्यता. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, पण साध्या ग्राफिक्स कार्डासाठी तो काही मिनिटांचाही खेळ नाही. सगळ्या नंबरांचे हॅश काढून यादी केली की तुमचं 'गुप्त' रूप उलगडलं. किल्लीशिवाय केलेलं हॅश म्हणजे कुलूप नसलेली कडी.

आणि नाव-ईमेल सगळं काढून टाकलं तरी माणूस ओळखू येतोच. लतान्या स्वीनी यांनी 2000 मध्ये दाखवलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसं एकमेव ठरू शकतात. आपल्या खेड्यात तर जन्मतारीखही लागत नाही. गाव, वय, शिक्षण एम.ए., दोन एकर कोरडवाहू, विधवा. गावातला कुणीही सांगेल की ही अमक्याची सून. त्यामुळे पालमसारख्या तालुक्यात गावाचं नाव उत्तरांच्या तक्त्यात ठेवू नका. मंडळ ठेवा, वय पाच-दहा वर्षांच्या गटात ठेवा.

आणखी एक बाजू सहसा कुणी बघत नाही. लॉगिनची नोंद तुमच्याकडे होते तशी गुगलकडेही होते. माणसाच्या गुगल खात्यात 'जोडलेली अ‍ॅप्स' अशी यादी असते, तिथे तुमच्या अ‍ॅपचं नाव दिसतं. नाव जर 'सावकारी कर्ज सर्वेक्षण' असेल, तर तो फोन हातात घेणाऱ्या कुणालाही कळतं की यानं त्यात भाग घेतला. बाईनं घरगुती हिंसेच्या अभ्यासात उत्तरं दिली असतील आणि फोन नवऱ्याचा असेल, तर काय होईल याचा विचार करा. अ‍ॅपचं नाव साधं, कशाचाच पत्ता न लागणारं ठेवा.

हे सगळं फार ताणून सांगतोय असं वाटत असेल तर जगातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण आठवा. केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. तो डेटा गोळा करणारं अ‍ॅप फेसबुक लॉगिनवर चालणारी व्यक्तिमत्त्व चाचणी होती. ती बनवणारा अलेक्झांडर कोगन हा केंब्रिज विद्यापीठातला मानसशास्त्राचा संशोधक, आणि माहिती संशोधनासाठी घेतोय असंच लोकांना सांगितलं गेलं होतं. अ‍ॅप घेणारे सुमारे 2.7 लाख. पण त्या वेळी फेसबुक मित्रांचीही माहिती देत असे, त्यामुळे फेसबुकनंच 2018 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार 8.7 कोटी लोकांपर्यंत ती पोचली. भारतात अ‍ॅप घेणारे होते फक्त 335, आणि झळ बसू शकलेले 5,62,455. त्या साडेपाच लाखांतल्या जवळजवळ कुणीच कुठल्या बटणावर बोट ठेवलं नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतात. संशोधनाला त्यात सवलत आहे, पण सरसकट नाही. डेटा वापरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवलेली मानकं पाळायची, अशा अटी आहेत. 18 वर्षांखालचा माणूस कायद्यात बालक धरला जातो, तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलांचा अभ्यास असेल तर पालकांच्या संमतीचा विचार आधी करा. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीत. आणि ती वाचता येईल अशा मराठीत लिहा, 'सदर दत्तांश प्रक्रियाकरणास्तव' असली नको.

मग हे बटण कुणासाठी? माझं मत सरळ आहे: उत्तर देणाऱ्यांसाठी नाही, माहिती गोळा करणाऱ्यांसाठी. गावोगाव जाणारे तुमचे चार-पाच सर्वेक्षक, सांख्यिकी बघणारा सहकारी, आणि गाईड. यांची खाती त्यांची स्वतःची असतात, कुणी कोणती नोंद कधी केली हे कळणं गरजेचं असतं, आणि पासवर्डची चिठ्ठी फिरवण्यापेक्षा गुगलचं लॉगिन नक्कीच सुरक्षित आहे. एखादा सर्वेक्षक काम सोडून गेला तर त्याचं खाते यादीतून काढलं की झालं. उत्तर देणाऱ्याला मात्र कागदाच्या चिठ्ठीवर एक क्रमांक द्या. सहा महिन्यांनी पुन्हा जायचं असेल तर तोच क्रमांक विचारा. क्रमांक आणि नाव यांची वही कुलपात ठेवा, सर्व्हरवर नको. चिठ्ठी हरवते हे खरं, पण जीमेलही हरवतोच.

सर्वेक्षकांसाठी बटण लावताना दोन अडचणी हमखास येतात. गुगलच्या कन्सोलमध्ये अ‍ॅप 'चाचणी' स्थितीत असेल तर ज्यांचे ईमेल तुम्ही आधी नोंदवलेत तेवढेच आत येतात, तेही जास्तीत जास्त 100. तुमच्या फोनवर सगळं नीट चालतं आणि बाकीच्यांना 'अ‍ॅक्सेस ब्लॉक' दिसतं, ते यामुळे. दुसरी अडचण दुव्याची. फेसबुकवर टाकलेला दुवा त्या अ‍ॅपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडतो, आणि तिथे गुगल लॉगिन होऊच देत नाही. दुवा क्रोममध्ये उघडायला सांगा.

प्रबंध मान्य झाला की त्याची प्रत शोधगंगेवर जाते आणि कुणीही ती उतरवून घेऊ शकतं. परिशिष्टात 'नमुना प्रतिसाद' म्हणून भरलेल्या प्रश्नावलीचा स्क्रीनशॉट लावायची पद्धत आहे. लॉगिन केलेल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात खात्याचं नाव आणि फोटो असतो. स्क्रीनशॉट लावायचाच असेल तर कोऱ्या फॉर्मचा लावा.