गॉब्लिनची गंमत आणि किंमत

मागच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला आणि आल्या आल्या त्यानं खिशातून पत्त्यांची गड्डी काढली. मला वाटलं, बदाम सात मांडायचा विचार आहे. पण या पत्त्यांत ना बदाम होता, ना इस्पिक. प्रत्येक पत्त्यावर निराळं चित्र आणि खाली बारीक अक्षरांत मजकूर. "मामू, हा मॅजिक : द गॅदरिंग. तुम्ही लाल गड्डी घ्या, तिच्यात गॉब्लिन आहेत. तुम्हाला सोपं पडेल," तो म्हणाला. त्या 'सोपं पडेल'मधला टोमणा मला नंतर कळला.

हा खेळ अमेरिकेतला. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं तो रचला आणि 'विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट' या कंपनीनं १९९३ साली बाजारात आणला. पत्ते बंद पाकिटांतून विकत घ्यायचे. आत काय निघेल ते नशीब. नको ते देऊन हवे ते मित्रांकडून घ्यायचे आणि निदान साठ पत्त्यांची आपली गड्डी आपणच जुळवायची. खेळणारा प्रत्येक भिडू म्हणजे एक जादूगार. त्याच्याजवळ वीस प्राण असतात. समोरच्याचे वीस संपवले की आपण जिंकलो.

जादूचे रंग पाच, आणि प्रत्येक रंगाला बळ मिळतं ते जमिनीतून. पांढऱ्याला मैदानातून, निळ्याला बेटातून, काळ्याला दलदलीतून, हिरव्याला जंगलातून आणि लाल रंगाला डोंगरातून. लाल म्हणजे आग, राग आणि उतावळेपणा. गॉब्लिनांचं मूळ घर तेच.

गॉब्लिन हा युरोपच्या लोककथांतला खोडकर जीव. बाराव्या शतकात ऑर्डेरिक व्हिटालिस नावाच्या इतिहासकार संन्याशानं नॉर्मंडीतल्या एव्हरो गावच्या एका भुताची हकिगत लिहून ठेवली आहे. लोक त्याला 'गोबेलिनस' म्हणत. ते नाना रूपं घेई, पण कुणाला इजा करत नसे. आपल्याकडच्या चकव्याचा लांबचा भाऊच म्हणा ना! पत्त्यांतला गॉब्लिन मात्र बुटका, लांब कानांचा, हावरट आणि डोक्यानं अर्धवट.

पहिल्याच संचात त्याची सगळी लक्षणं दिसतात. 'मॉन्सचे गॉब्लिन धाडेकरी' एका डोंगराच्या बळावर डावात उतरतात. ताकद एक, सहनशक्तीही एक. फुंकर मारली तरी मरतील. 'गॉब्लिन फुगा पलटण' आणखी थोडं लाल बळ खर्चलं की त्या वेळेपुरती उडू लागते. 'गॉब्लिन राजा' आला की इतर गॉब्लिनांची ताकद एकेकानं वाढते. गंमत अशी, की समोरच्याकडे गॉब्लिन असले तर त्यांचीही वाढते. राजा कुणाचा, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नाही.

एकटा गॉब्लिन कवडीमोलाचा. झुंड झाली की मात्र भल्याभल्यांची भंबेरी. २०१२ साली 'क्रेंको' नावाचा त्यांचा म्होरक्या आला. तो प्रत्येक खेपेला, डावात आपले जितके गॉब्लिन असतील तितके नवे आणतो, स्वतःला धरून. एकाचे दोन, दोनाचे चार. पाचव्या खेपेला बत्तीस! या नव्यांसाठी गड्डीतला पत्ताही लागत नाही. चिंचोके मांडले तरी चालतं. खेळ गणितज्ञाचा आहे, हे अशा वेळी पटतं.

१९९४ सालच्या एका संचात 'गॉब्लिन ग्रेनेड' नावाचा पत्ता आला. हातबॉम्ब. त्याची किंमत एक डोंगराचं बळ आणि आपलाच एक गॉब्लिन. त्याचा बळी द्यायचा, की समोरच्याचे पाच प्राण जातात. म्हणजे जो बिचारा जिवंतपणी लढून एक प्राण घेऊ शकतो, तो फेकल्यावर पाच घेतो. हिशेब सरळ आहे. लाल गड्डीचे पट्टीचे खेळाडू हाच हिशेब मांडतात.

आमचा डाव शेवटाला आला. भाच्याचे पाच प्राण उरले होते. माझ्या हातात हा पत्ता आणि समोर फुग्यात बसलेला एकच गॉब्लिन. मी घुटमळलो. "मामू, टाका ना! गॉब्लिनच तर आहे तो," भाचा म्हणाला. स्वतः हरत असूनही त्याला माझं घुटमळणं सहन होईना.

मी फेकला. जिंकलो. आनंदही झाला, खोटं कशाला बोलू? पण 'गॉब्लिनच तर आहे' हे शब्द रात्री झोपताना पुन्हा कानांत आले. चित्रांत या जीवांना इतकं वेडगळ रंगवलेलं असतं, की त्यांना फेकताना हसूच येतं. कुणालाही फेकण्याआधी तो हसण्यासारखा आहे, हे ठरवून घ्यावं लागतं. हे शब्द मी माणसांबद्दलही ऐकले आहेत, फक्त नाव निराळं होतं.

या पत्त्यांतच 'स्क्वी' नावाचा एक गॉब्लिन आहे. उडत्या जहाजावरचा साधा नोकर. १९९९ सालच्या त्याच्या पत्त्याचा गुण असा, की तो मेला तरी आपल्या पुढच्या खेपेच्या सुरुवातीला कब्रस्तानातून परत हातात घेता येतो. बाकीच्यांना डाव संपेपर्यंत थांबावं लागतं. मग गड्डी पिसली, की फेकलेले सगळेच परत येतात.

पत्त्यांबाहेर तशी सोय नाही.