अपवादाची तजवीज

संगणकाची आज्ञावली लिहिताना व्याकरणाचा एकही दोष राहिला नाही, तरी ती प्रत्यक्ष चालू असताना एखाद्या संख्येला शून्याने भागण्याचा प्रसंग ओढवतो, हवी ती फाईल जागेवर सापडत नाही, किंवा आलेली संख्या तिच्यासाठी राखलेल्या जागेत मावत नाही. अशा वेळी नेहमीचा क्रम तहकूब करून पुढचा कारभार आधीच लिहून ठेवलेल्या निराळ्या आज्ञांकडे सोपवण्याची जी तजवीज आधुनिक संगणकभाषांत असते, तिला ‘एक्सेप्शन हँडलिंग’ म्हणतात. परंतु चूक पकडली गेली म्हणजे अनर्थ टळला, हा समज किती घातक आहे, याचा दाखला ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथे मिळाला.

‘आरियान ५’ हा युरोपीय अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, सुमारे ४० सेकंदांत, ‘क्लस्टर’ मालिकेतील चार उपग्रहांसह नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रातील एडा भाषेतली आज्ञावली ‘आरियान ४’ वरून जशीच्या तशी घेतलेली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षा फार लवकर वाढत असल्यामुळे, त्या वेगाशी निगडित असलेली ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७ एवढेच मावणाऱ्या जागेत, बसवताना अपवाद उद्भवला. असा धोका असलेल्या सात राशींपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून उरलेल्या तीन उघड्या ठेवल्या होत्या, आणि ही संख्या त्या तिन्हींपैकी एक होती. त्यातही विषाद वाटावा असे हे, की ज्या गणितात ती लागत होती, त्याचे ‘आरियान ५’ ला जमीन सोडल्यानंतर काहीच प्रयोजन नव्हते.

अपवाद यंत्राच्या ध्यानात आला होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. अशा प्रसंगी यंत्राने बिघाडाची नोंद करून स्वतःला बंद करून घ्यावे, असा हुकूमच होता. एखादा सुटा भाग अवचित निकामी झाला, तर तो बंद करून राखीव भागाकडे काम सोपवणे हा रास्त इलाज होय. पण येथे कसूर आज्ञावलीतच असल्यामुळे तीच आज्ञावली चालवणारे राखीव यंत्र मुख्य यंत्राच्या क्षणभर आधीच बंद पडले होते. मुख्य यंत्राने पाठवलेली बिघाडाची माहिती मध्यवर्ती संगणकाने उड्डाणाचीच माहिती मानली, इंजिनांचे झोत पराकाष्ठेपर्यंत वळवले, आणि तो प्रचंड अग्निबाण वाऱ्याच्या दाबाने मोडला.

झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्याच वर्षी जुलैत अहवाल दिला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी शिफारस अशी, की कोणत्याही संवेदकाने संकटात मौन धरू नये, आपल्याला देता येईल तेवढी चांगली माहिती देत राहावे.